सिग्नेचा पासपोर्ट

सिग्ने हेगस्टाड आणि मी एकाच डेपोत शाळेच्या बस चालवायचो. मिनेसोटाच्या थंडीत आमची इंजिनं गरम होईपर्यंत तिची टकळी चांगलीच तापलेली असायची. ती तीन वर्षांची असताना आर्विड आणि त्याच्या बायकोने तिला कोलंबियातल्या अनाथाश्रमातून दत्तक आणलं. सावळी, काळ्याभोर केसांची. बोलणं मात्र आमच्या उत्तरेकडचं, हेल काढून.

बायको गेल्यावर आर्विडची एकच इच्छा उरली होती: लग्न होऊन नॉर्वेला गेलेल्या थोरल्या बहिणीच्या नव्वदाव्या वाढदिवसाला लेकीला घेऊन जायचं. म्हणून सिग्ने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढायला गेली. खिडकीतली बाई म्हणाली, "जन्म कोलंबियातला? मग नागरिकत्वाचा पुरावा लागेल."

पुरावा कुठला असणार? कोर्टाचा दत्तकाचा हुकूम होता आणि लहानपणीचं कायमच्या वास्तव्याचं कार्ड.

आर्विडने डोकं धरलं. "अगं, न्यायाधीशांनी सही केली, तुझ्या आईने केक कापला. आम्हाला वाटलं, झालीस तू इथली!"

सिग्नेची बडबड थांबली. लहानपणी दत्तक आलेल्या एकाला म्हणे नागरिकत्वाचे कागद नाहीत म्हणून पन्नाशीत परत पाठवलं होतं. एकदा रिकाम्या बसमध्ये ती मला म्हणाली, "मी निवडणुकीत मत दिलंय गं. नागरिक नसताना मत देणं गुन्हा असतो. आणि तिकडे धाडलं तर? मला स्पॅनिशमध्ये भूक लागली एवढंसुद्धा सांगता येत नाही."

"आधी वकिलाला विचार," मी म्हटलं. "नुसत्या अंदाजाने कशाला मरतेस?"

आम्ही तिघं डुलुथ शहरात वकिलाकडे गेलो. वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "दोन हजार एकमध्ये नवा कायदा लागू झाला, तेव्हा वय काय होतं तुमचं?"

"सोळा."

"आईवडिलांजवळच राहत होता?"

"मग काय रस्त्यावर?" आर्विड उसळला. "मी इथेच जन्मलोय, बाई. माझी लेक माझ्याच घरात वाढली."

"मग त्या कायद्याने ह्या आपोआप नागरिक झाल्या. तेव्हा अठरा पूर्ण झालेल्यांना तो लागू होत नाही. हुकूम, कार्ड आणि तुमचा जन्मदाखला जोडा, पासपोर्ट मिळेल."

सिग्नेला पटेना. "आणि माझी मतं?"

"सगळी कायदेशीर."

"कायदेशीर असतील," आर्विड म्हणाला, "पण गेल्या खेपेला चुकीच्याच माणसाला दिलंस."

सिग्ने हसता हसता रडायला लागली. बाहेर येऊन तिने ब्लूबेरी पायचे दोन तुकडे एका दमात खाल्ले. मग काटा खाली ठेवला. "तो परत पाठवलेला माणूस," ती म्हणाली, "माझ्याआधी जन्मला, एवढंच ना त्याचं चुकलं?"

जूनमध्ये दोघं नॉर्वेला गेली. म्हाताऱ्या आत्याने सिग्नेची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ न्याहाळला, आणि भावाला म्हणाली, "हिला जेवायला बसव आधी. वाळलीय पोर."