वयनीच्या हातचं बेरिंग

माझी बायको बेरिंग माझ्यापेक्षा चांगलं घासायची. हे एवढं एक वाक्य कबूल करायला मला म्हातारा व्हावं लागलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेलूबाजारला आमच्या घराच्या छपरीतच माझा कारखाना होता. कारखाना म्हणजे लोखंड आवळून धरायचा एक शिकंजा, एक भाता आणि खोकंभर कानशी. दुष्काळ सरल्यावर ज्याच्या विहिरीला पाणी, त्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन आलं, आणि दोन-तीन हंगामांत एकेक इंजिन ठोका देऊ लागलं. ठोका ऐकू आला की समजायचं, कनेक्टिंग रॉडचं बेरिंग झिजलं. नव्यासाठी अकोल्याला चकरा माराव्या लागत आणि तरी ते मिळेलच असं नसे. म्हणून लोक माझ्याकडे येत. मी जुनंच बेरिंग पुन्हा भरून देत असे.

बेरिंग म्हणजे दोन अर्ध्या पितळी वाट्या, मधे क्रँक, म्हणजे इंजिनाचा दांडा, फिरतो. त्यांच्या आतल्या अंगाचं झिजलेलं मऊ मेटल वितळवून काढायचं, नवसागर लावून कल्हई करायची आणि नवं मेटल ओतायचं. ओतण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. तापलेल्या मेटलात कडब्याची काडी बुडवायची. ती पेटली तर मेटल जास्त तापलं, नुसती तांबूस झाली तर ओतायचं. हे मी झोपेतही केलं असतं.

पण खरं काम त्यापुढं असतं. क्रँकला तेलात कालवलेल्या काजळाचा पातळ हात द्यायचा, वाटी त्यावर फिरवून काढायची आणि बघायची. जिथं काळा ठिपका उठला तिथं मेटल टेकतंय, तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा फिरवणं. वाटीभर सारखे ठिपके येईपर्यंत हेच. दिवस जातो त्यात, आणि मला दम म्हणून नव्हता.

काजळ बायको धरायची, एरंडीच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालून. एकदा ते द्यायला आली तेव्हा माझ्या हातातल्या वाटीकडं बघत म्हणाली की या कडेला अजून टेकते. मी चेष्टेनं खरवडणी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, एवढं समजते तर तूच कर. तिनं केलं. माझे ओरखडे लांब आणि सरळ जायचे. तिचे बारीक होते, एकमेकांना छेद देणारे, आणि मेटल जितकं काढायचं तितकंच निघायचं. दुपारपर्यंत वाटी अशी बसली की माझ्याच्यानं दोष काढवेना. दोष काढायचा मी प्रयत्न केला होता, हे सांगायला हवं.

पुढं ते कामच तिचं झालं. सकाळी लवकर भाकरी उरकून ती छपरीत येऊन बसायची. वाटी उजेडात धरून तिरकी करायची, बोटाचं पेर फिरवायची आणि ठिपके जमले की स्वतःशीच हसायची. लग्नाला दहा वर्षं झाली होती, माझ्याकडं बघून ती तशी कधी हसली नव्हती. मला त्या पितळेच्या वाटीचाही राग यायचा.

लोकांना कळायला वेळ लागला नाही. इंझोरीचा एक बागाईतदार होता, संत्र्याचा मोठा बगीचा. त्याचं पहिलं बेरिंग तिनं घासलेलं होतं आणि ते दोन हंगाम निमूट चाललं. मग दुसऱ्या इंजिनाचा क्रँक एसटीच्या टपावर टाकून आणि रॉड पोत्यात घालून तो आला. मला रामराम केला आणि बसायच्या आधीच बोलला.

"मिस्तरी, मेटल तुमी ओता, पण घासाचं काम वयनीलेच देजा."

मी हसून हो म्हटलं. पंधरा वर्षं मी या धंद्यात, आणि माझ्या छपरीत, माझ्या शिकंज्यासमोर हा माणूस मला सांगत होता की माझा हात नको. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात. माझ्या घरची मुर्गी साऱ्या तालुक्याला मोर वाटू लागली होती.

तिनं दोन दिवस खपून वाट्या घासल्या. मी तपासल्या. तीळभर काही करायचं उरलं नव्हतं. ती पाणी आणायला गेली तेव्हा मी खरवडणी उचलली आणि वाटीच्या मधोमध पाच-सहा हात मारले. शेवटचा हात मिस्तरीचा असावा, असं मनाशी म्हटलं. ते खोटं होतं. मधलं मेटल काढलं की वाटी फक्त दोन्ही कडांवर टेकते आणि कडा तापतात, हे मला पुरतं माहीत होतं. तिच्या हातचं एक तरी बेरिंग वाया जावं, एवढंच मला हवं होतं.

वाट्या घेऊन गेलेला बागाईतदार चौथ्या दिवशी परत आला. कडांचं मेटल वितळून वाहून गेलं होतं, इंजिन बंद पडलं होतं, आणि ऐन चैत्रात पाण्यावाचून झाडाखाली लिंबाएवढ्या संत्र्यांचा सडा पडू लागला होता. त्यानं वाट्या आमच्यापुढं ठेवल्या. बायकोनं एक उचलली आणि उजेडात धरली. कडा गेल्या होत्या, पण मधला भाग कशालाच टेकला नव्हता, म्हणून तिथले ओरखडे तसेच होते. लांब, सरळ.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी भात्याकडं बघत राहिलो.

"माह्यीच चूक झाली, भाऊ," ती त्याला म्हणाली. "माह्या हातानं जास्त घासल्या गेलं. आता यायलेच करू द्या."

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. उलट गार वाटलं, हेही लिहून टाकतो. तो म्हणाला, मंग या टायमाले तुमीच करा मिस्तरी, आणि मी रात्रंदिवस बसून, कधी नव्हे तो जीव लावून ते बेरिंग घासलं. इंजिन चाललं. बाजारात लोक बोलू लागले की बाईमाणसाचं काम नव्हे ते, शेवटी मिस्तरीच लागतो.

पंधरा दिवसांनी दुसरं काम आलं. मी वाट्या तिच्यापुढं ठेवल्या आणि जरा पाह्य म्हटलं. तिनं पदराला हात पुसले आणि मले नाही समजत त्यातलं, असं म्हणून आत निघून गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडून तरी मोकळा झालो असतो.

त्यानंतर गावोगाव वीज येऊन इंजिनं बंद होईपर्यंत मी एकट्यानंच बेरिंगं घासली. लोक नाव काढत. माझी बेरिंगं तिच्या हातच्यासारखी कधीच बसली नाहीत, हे ओळखणारी दोनच माणसं होती, आणि रोज एका चुलीपुढं जेवायला बसत होती.