गाळलेली चाचणी

खरं सांगतो, मला ह्या कामाचा कंटाळा आलाय. पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारं एक अवाढव्य सॉफ्टवेअर आहे. खाडीत भरतीचं पाणी कुठवर चढेल, असलं सगळं त्यातून काढतात. विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्याला ते एका कमांडसरशी मिळावं म्हणून त्याचं पॅकेज बांधायचं काम मी ठाकुर्लीतल्या घरी बसून बरीच वर्षं करतोय. फुकट. बायको विचारते, "अहो, ह्यातून तुम्हाला मिळतं काय?" मी म्हणतो, "डोकेदुखी."

आम्हा पॅकेज बांधणाऱ्यांत एक कडक नियम आहे. मूळ लेखकांनी सॉफ्टवेअरच्या पोटात गणिताच्या लायब्ररीची, म्हणजे आकडेमोडीच्या तयार कोडची, स्वतःची प्रत कोंबलेली असते. ती उपटून काढायची आणि सिस्टिममधली, सगळ्यांची सामायिक लायब्ररी जोडायची. सोसायटीत जसं कोणी गॅलरीत आपली टाकी बसवायची नाही, गच्चीवरचीच वापरायची, तसं. नियम बरोबरच आहे, दोष सापडला तर एकाच जागी दुरुस्त होतो. पण राबायचं कोणी? आम्ही.

मागच्या आवृत्तीला मी अशीच लायब्ररी बदललेली. माजिवड्याच्या ऑफिसातून आलो की रोज तेच. बिल्ड लावा, म्हणजे पॅकेज बांधायला घ्या, कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकत बसा आणि शेवटी एरर बघा. एकदाचं बांधून झालं, तर उत्तरं बरोबर येतात का ते बघणाऱ्या शेकडो चाचण्यांपैकी एक नापास! उत्तर थोडंसं हुकत होतं, दशांशचिन्हानंतर कुठेतरी लांब. नवी आवृत्ती द्यायच्या मुदतीला चार दिवस उरलेले. तोवर पॅकेज गेलं नाही तर ते लिनक्सच्या पॅकेजांच्या यादीतूनच बाद होणार होतं. माझ्या अगदी नाकी नऊ आलेले. मी ती चाचणी गाळली आणि कारण लिहिलं, 'फरक नगण्य.' तो खरंच नगण्य आहे का, ते तपासलं नाही. च्यायला, सुटलो असंच वाटलेलं तेव्हा.

आमच्या समोरच्या ब्लॉकमधली सून पीएचडी करते, खाडीच्या पुरावर. तिच्या लॅपटॉपवर हे पॅकेज मीच टाकून दिलेलं. एका रविवारी सकाळी ती दोन आलेख घेऊन आली.

"काका, जरा बघता का? घरच्या लॅपटॉपवर पाणी इथवर चढतंय आणि कॉलेजच्या मशीनवर वीतभर कमी. फाईल तीच आहे हो, मी दहादा बघितली."

विचारलं तर कॉलेजच्या मशीनवर मूळ लेखकांची प्रत होती, पोटातल्या लायब्ररीसकट. ते ऐकलं आणि मला ती नापास चाचणी आठवली. तिला बसवलं, गाळलेली चाचणी पुन्हा लावली, ह्या वेळी जास्त लांबवून. सुरुवातीला केसाएवढा दिसणारा फरक प्रत्येक पायरीला वाढत गेला. चूक माझ्याच पॅकेजात होती. तिचा प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचा होता आणि तीन महिन्यांची सगळी गणितं तिने त्याच लॅपटॉपवर केलेली.

गप्प बसता आलं असतं. "लॅपटॉप जुना झालाय गं तुझा, अपडेट टाक," एवढं म्हटलं असतं तर तिला संशयही आला नसता. मोह झालेला, खोटं कशाला बोलू? पण शेवटी सांगितलं. चाचणी नापास झालेली, मी कंटाळून ती गाळली, तपासलं काहीच नाही.

तिचा चेहरा पडला. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "आमच्या सरांनी सांगितलेलं, आधी उत्तर माहीत असलेली दोन-तीन गणितं करून पडताळून घे. मी नाही केली."

"का गं?"

"पॅकेजच्या माहितीत तुमचं नाव दिसलं. म्हटलं, काकांनी केलंय म्हणजे बघितलं असणारच."

तिने आलेखांची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि उठली. दारापाशी जाऊन थांबली.

"मुदतवाढीच्या अर्जात कारण काय लिहू, काका?"

मी म्हटलं, "माझं नाव लिही."