धूरवाले

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गॅरेजांच्या त्या रस्त्यावर सगळे धूरवाले म्हणतात. इंजिन खोलणारे तिथे दहा-बारा जण आहेत. पण खोलायला टाकण्याआधी ट्रकवाले गाडी आमच्या दारात आणून उभी करतात. मामंजी मागे जाऊन उभे राहतात, ड्रायव्हर अॅक्सिलरेटर दाबतो, आणि सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं ते बघून मामंजी सांगतात, आत काय बिघडलंय. अडतीस वर्षं हेच चाललंय.

त्यांचं शास्त्र मला लग्नानंतर महिन्याभरातच पाठ झालं, कारण जेवताना घरात दुसरा विषयच नसे. काळा धूर म्हणजे इंजिन हावरट झालंय, डिझेल जास्त खातंय आणि श्वास कमी घेतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही रेंगाळला तर आत पाणी शिरतंय, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याखालचं गॅस्केट गेलं. निळा म्हणजे इंजिन स्वतःचंच ऑइल जाळतंय, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "इतकी वर्षं चुलीपुढे डोळे चोळले मी, तो धूर काही यांना दिसला नाही."

गॅरेज घराच्या पुढच्याच भागात आहे. सकाळी मामंजी आधी देवापुढे उभे राहतात, मग शटर वर करतात. देवापुढे ओठ हलत नाहीत त्यांचे. काय मागतात ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही. बोलणं मुळात कमी. रंग सांगायचा, रोग सांगायचा आणि उलट्या ड्रमवर जाऊन बसायचं. पुढचं हत्यारांचं काम आमच्या ह्यांचं.

दोन वर्षं झाली, घरात दिवे जास्त लागायला लागले होते. मामंजी चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसत, पुन्हा घालत, पुन्हा काढत. ह्यांनी दोनदा डॉक्टरकडे चला म्हटलं. मामंजी म्हणाले, चष्म्याची काच भिकार निघाली. एकदा त्यांनी माझ्या हातातली निळी बादली राखाडी म्हणून मागितली. मी निमूट दिली. सासऱ्यांना कोण शिकवणार, असं मनाशी म्हणून गप्प बसले. तेव्हा बोलायला हवं होतं.

मग एक दाढीवाला ट्रकवाला आला. स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, एकच जुना ट्रक. त्याला फरशीचा माल भरून दोन दिवसांनी निघायचं होतं. म्हणाला, रेडिएटरमध्ये एक दिवसाआड पाणी घालावं लागतं, ऑइलही थोडं उतरतं, आणि चढावर धूर एवढा की मागचे शिव्या घालतात. मामंजी नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. त्यानं अॅक्सिलरेटर दाबला. मी तेवढ्यात चहा घेऊन बाहेर आले होते.

"पांढरा," मामंजी म्हणाले. "गॅस्केट. हेड उतरवावं लागेल."

ह्यांना जरा शंका होती. सायलेन्सरच्या तोंडाशी फडकं धरू का, म्हणून विचारलं. फडक्यावर पाण्याचे थेंब उठतात की ऑइलचा चिकटा, ते कळतं. मामंजींनी नुसता हात हलवला. फडकं धरायचं ते नवशिक्यांनी, असं त्यांचं जुनं मत.

दाढीवाल्यानं चहा घेता घेता गंमत म्हणून मला विचारलं, "वहिनी, तुम्ही काय म्हणता?"

मी जे दिसलं ते बोलून गेले. "मला तर निळसर वाटला."

तो हसला. हेही हसले. मामंजी हसले नाहीत. "सूनबाई, तू चहाकडे बघ," एवढंच म्हणाले. मी कप गोळा करून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेड उतरलं. मी जेवायला हाक मारायला गेले, तर दोघे बापलेक इंजिनावर वाकून उभे होते. गॅस्केट अखंड होतं. कुठे जळलेलं नाही, कुठे फाटलेलं नाही. पिस्टनची डोकी मात्र काळ्या चिकट ऑइलनं माखलेली. पाणी कमी होत होतं ते रेडिएटरचं झाकण सैल होतं म्हणून, हे नंतर सापडलं.

ह्यांनी आवाज हळू केला. म्हणाले, "बाबा, रिंगांसाठीही हेड काढावंच लागलं असतं. गॅस्केटही गेलं होतं आणि रिंगाही गेल्यात म्हणून सांगू. त्याचं काही नुकसान नाही."

ते खरंच होतं. दाढीवाल्याला काहीच कळलं नसतं. आणि कळलं असतं तर काय झालं असतं, तेही आम्हाला ठाऊक होतं. ट्रकवाल्यांत बातमी संध्याकाळपर्यंत दोन तालुके फिरते. धूरवाल्यांचा धूर चुकला म्हटल्यावर आमच्या दारात गाडी कोण लावणार? आमचं सगळं घर त्या एका शब्दावर उभं.

मामंजींनी गॅस्केटच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग मला जवळ बोलावलं.

"काल निळा म्हणालीस. कसा निळा?"

मी आठवून सांगितलं, लोखंड तापून गार झालं की कडेला जशी झाक राहते, तसा.

"मला तशी झाक दिसली नाही," ते म्हणाले. "मला नुसताच फिका दिसला."

दाढीवाला बाहेर ट्रकच्या सावलीत पाय पसरून पेपर वाचत होता. मामंजी त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. हे दारातच थांबले, मी त्यांच्या मागे.

"गॅस्केट चांगलं आहे," मामंजी म्हणाले. "रिंगा गेल्यात. धूर निळा होता, मी पांढरा सांगितला. माझे डोळे गेलेत, आणि ते मला माहीत होतं."

दाढीवाल्यानं पेपराची घडी घातली. फार सावकाश घातली. मग विचारलं, "माहीत होतं तर सांगितलंत कशाला?"

मामंजींनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. दाढीवाल्यानं फरशीवाल्याला फोन लावला, निघायला दोन दिवस उशीर होईल म्हणाला, चार बोलणी खाल्ली. फोन खिशात टाकून आमच्या ह्यांना म्हणाला, "रिंगा टाका. आणि या वेळी धूर वहिनी बघतील."

मला वाटलं, टोमणा आहे. तो टोमणा नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभराचं गार असताना, मला सायलेन्सरमागे उभं केलं. मामंजी ड्रमवर, पाठ ट्रककडे करून. इंजिन सुरू झालं आणि पांढरा धूर निघाला. मनात देवाचं नाव घेतलं आणि सांगितलं, पांढरा आहे.

"विरतोय की लोंबकळतोय?" मामंजींनी न वळता विचारलं.

"विरतोय."

"मग ती वाफ. गार इंजिनात असते. थांब जरा."

दोन मिनिटांत तो गेला. ह्यांनी अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मामंजी दर वेळी विचारत होते, आता? आणि मी सांगत होते, काही नाही, काही नाही, एकदा जरासा काळा, लगेच गेला. वीस-पंचवीस प्रश्न झाले असतील. एवढं बोलणं त्यांचं माझ्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.

दाढीवाला सगळं ऐकत उभा होता. इंजिन बंद झालं तसा तो माझ्याकडे आला नाही, ह्यांच्याकडेही गेला नाही. ड्रमपाशी गेला.

"काका, नेऊ?"

मामंजी म्हणाले, "ने. पहिले काही दिवस चढावर दामटू नकोस. परत आलास की ऑइल मोजू, मग पक्कं सांगेन."

पूर्वी त्यांनी 'मग सांगेन' असं कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ते आपणहून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. पिवळ्या काचेतून बघावं तसं होतं, त्यात निळा मरतो. ऑपरेशनची तारीख महिन्यानंतरची मिळाली. तोवर दारात गाडी आली की मामंजी आधीच सांगत, मला निळा दिसत नाही, धूर सून बघते, सवाल मी करतो. पटत असेल तर थांबा. काही जण पुढच्या गॅरेजला गेले. बरेच थांबले.