सोंडे मेले की नाही

माझ्या मेव्हण्याचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटतं. फक्त ते माझ्याआधी होऊ नये.

सुधीर, म्हणजे माझ्या बायकोचा, शोभाचा धाकटा भाऊ, बैहरच्या कॉलेजात नुकताच लागला होता. मी बालाघाटला प्राणिशास्त्र शिकवण्यात बारा वर्षं मुरलेलो. नागपूरच्या चर्चासत्रासाठी आम्हा दोघांनाही शोधनिबंधाचा सारांश पाठवायचा होता. अडीचशे शब्द! ज्याचा पसंत पडेल, त्यालाच निबंध वाचायला बोलावणार. सुधीरने आमच्याच ओसरीवर बसून अर्ध्या तासात तो लिहिला आणि वर बहिणीच्या हातचा चहा प्यायला. माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊनही थांबेना.

माझा विषय होता, कडुलिंबाच्या पाल्याने तांदळातले सोंडे मरतात का. त्यासाठी लालबर्‍याच्या राइस मिलमध्ये मी दोन वर्षं पोती उपसली होती. सुरुवातीलाच मिलच्या शेठजींचे आभार मानले (पोती त्यांची!). मग प्राचार्यांना कसं वगळणार? प्राचार्यांमागून विभागप्रमुख आले, त्यांच्यामागून सासरेबुवा (कडुलिंब त्यांच्या अंगणातला!). अडीचशे शब्द बघता बघता भरले.

शोभा वाचून म्हणाली, "अहो, हा सारांश आहे का लग्नपत्रिका?"

"मोठ्यांचा मान राखा लागते."

"राखा ना. पण सोंडे मेले का नाही, ते कुठी लिहिलं?"

मी घाईघाईने दार लोटलं. "हळू बोल! तुझा भाऊ बाहेर बसून राह्यला. चोरंल ना तो!"

"तो मासोळ्यांवर लिहून राह्यला! तुमचे सोंडे त्याले काहून पाहिजे?"

मी तिचं ऐकलं असतं, तर ही आठवण लिहायची वेळच आली नसती. मी शेवटचं वाक्य ठोकून दिलं : 'सोंड्यांचे पुढे काय झाले, हे प्रत्यक्ष वाचनाच्या वेळी उघड करण्यात येईल.' माझ्या मते यात जबरदस्त उत्कंठा होती!

महिन्याभराने एकाच दिवशी दोन पाकिटं आली (सुधीरनेही पत्ता आमचाच दिला होता!). त्याचं जाड, माझं पातळ. त्याचं मी उजेडाकडे धरून पाहत होतो, तेवढ्यात तो दारात हजर!

"भाऊजी, ते माझं आहे."

"हौ, माहीत आहे. तिकीट नीट लागलं का, पाहून राह्यलो."

त्याला बोलावणं होतं. शिवाय सारांश फार स्पष्ट आहे, अशी शाबासकी! मी "वा, वा!" म्हणालो, पण आतून मला त्याचा भयंकर राग आला होता.

"कोणी शिकवलं रे तुले?"

"ताईनं. ती म्हणे, काय केलं, कसं केलं, काय निघालं, एवढंच लिही. बाकी सारं भाऊजीसाठी ठेव."

माझं पाकीट मी मागच्या अंगणात नेऊन फोडलं. 'निष्कर्ष इतका गुप्त असल्यास तो तसाच राहू द्यावा,' असं त्यात होतं. सोंडे खरंच मेले होते हो, पोतीच्या पोती! आणि ती बातमी मी एकटाच उराशी धरून बसलो होतो.

शोभा मागून आली. "काय म्हणते नागपूरवाले?"

"नाही."

"पाहा," ती म्हणाली, "जमला ना एका शब्दात सारांश!"