चार वाढपी आणि सपाट रेघ

आमच्या श्रीरामपूरच्या कॉलेजात प्राध्यापक बरेच होते, पण विज्ञान खऱ्या अर्थानं कळलं होतं ते एकट्या मामांना, आणि तेही पंगतीत वाढता वाढता. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले शिपाई. शिक्षण दहावी नापास. जवळच्या देवळालीहून एसटीनं यायचे, आणि तिकडच्या पंचक्रोशीत यांनी वरणाची बादली धरल्याशिवाय एकही लग्न लागलं नसावं. परीक्षानळीत ॲसिड ओततानाही तोंडातून “सावकाश होऊ द्या” निघून जायचं. प्रयोगाचे बटाटे आणायला गेले की मुलगी बघायला गेल्यासारखे एकेक बटाटा उलटसुलट निरखायचे. भाजीवाली एकदा वैतागली, “मामा, भाजी करायचीय का लगीन लावायचंय?” मामा छाती काढून म्हणाले, “प्रॅक्टिकल हाय!”

त्याच बटाट्यानं माझा घात केला असता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दादा, म्हणजे माझे वडील, मार्केटात हमाली करायचे. नापास झाले असते तर आणखी एक वर्ष शिकवणं त्यांना झेपणारं नव्हतं, आणि आत्या स्थळ घेऊन टपलेलीच होती. सरावाच्या दिवशी मी बटाट्याचा रस तेवढाच ठेवून पेरॉक्साइड दर वेळी अधिक तीव्र घेत होते. दोन्ही मिसळले की उठणारा फेस आधी वाढत गेला, मग वाढेचना. आलेखाची रेघ वर चढून आडवी झोपली. मी खोडरबर काढला, तर मामांनी तो हातातून घेतला.

“काय खोडती?”

“चुकलं मामा. शेवटच्या तीन वेळा फेस तेवढाच आला.”

“रस वाढवला व्हता का?”

“नाही.”

“मंग? पंगतीला वाढपी चार. पानं दोनच असली तर दोघं बादल्या धरून गप्पा हानत्यात. पानं वाढली की हात चालाया लागत्यात. पन चौघंबी पळाया लागले, की म्होरं पन्नास बसव न्हाई तर पाचशे, मिनिटाला वाढून व्हायचं तेवढंच व्हनार. बटाट्यातलं एन्झाइम म्हंजी वाढपी, पेरॉक्साइड म्हंजी पानं, पोरी. रेघ आडवी झाली म्हंजी ती खरी हाय.”

परीक्षेत रेघ पुन्हा झोपली. शेजारणीची मात्र झेंड्याच्या काठीसारखी सरळ वर. बाहेरून आलेल्या सरांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं, “ही वर का गेली नाही?” पाठ केलेलं सगळं इंग्रजी त्या क्षणी उडालं. मी म्हणाले, “सर, वाढपी चारच आहेत.” मामा नळापाशी एकच चंचुपात्र तिसऱ्यांदा धूत होते. सर हसले नाहीत. मी सगळं समजावलं तेव्हा एवढंच म्हणाले, “मग रेघ वर न्यायची तर?”

“रस वाढवायचा सर. वाढपी वाढवायचे.”

पास झाले. दादांनी गल्लीला जेवण घातलं. मामांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं, ते बाह्या सारूनच आले.

आता मी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. मामा निवृत्त झालेत, वयानं बादली धरवत नाही. पंगतीत बसवलं तरी जेवण सोडून वाढप्यांकडेच बघत राहतात. परवा धाकट्या बहिणीला कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा पहिला फोन मी त्यांना केला. त्यांनी आधी बातमी माझ्याकडून दोनदा वदवून घेतली.

मग हळूच म्हणाले, “चला, एक वाढपी वाढला.”