माझ्या वाटचा मार

आमच्या गावात माझ्या वयाचा एकही माणूस असा सापडणार नाही, जो दत्तूच्या आईच्या हातचं जेवलेला नाही. आणि एकही असा सापडणार नाही, ज्याच्या वाटचा मार दत्तूने खाल्लेला नाही. या दोन्ही गोष्टींत माझा नंबर पहिला. जेवणाबद्दल मी आजवर पुष्कळांना सांगत आलो. माराबद्दल आज सांगतो आहे.

दिंडोरीच्या अलीकडे आमचं गाव. दत्तूचं घर आमच्या घराच्या मागच्या गल्लीत. त्याच्या आईला आम्ही सगळी पोरं मावशी म्हणायचो. मावशींचा न्याय साऱ्या पंचक्रोशीत कुठे चालत नसेल असा होता. दुसऱ्याच्या लेकराला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. केलेल्या गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे, हा दुसरा. हे दोन्ही नियम एकाच वेळी पाळायचे तर मार खायला एकच जागा उरायची, ती म्हणजे दत्तूची पाठ. मी गलोलीने शेजारच्या म्हातारीचा पाण्याने भरलेला माठ फोडला, तेव्हा दत्तू घरात पालथा पडून झोपलेला होता. म्हातारी ओरडत आली. मावशींनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मला दारात उभं केलं, आत जाऊन दत्तूला उठवलं आणि दोन धपाटे घातले. असा मार बसला की दत्तू आधी माझ्याकडे बघायचा. मी खाली मान घातली असेल तर त्याला सगळा खटला समजायचा.

"आये, याला मार ना!"

"त्याला त्याची आई हाय मारायला."

"त्याची आई मारतच नाय!"

"मग ते त्यांच्या घरचं दुखणं. मी काय करू?"

आणि मग गुन्हेगाराला आणि मार खाणाऱ्याला सारखाच गूळ आणि सारखेच शेंगदाणे. पुढे पुढे दत्तू इतका सरावला, की शाळेत जातानाच मला बजावून ठेवायचा, "आज काय करायचं असंल ते परवा कर भो. कालची पाठ अजून दुखती."

खाऊ घालणं हा तर त्यांचा आजारच म्हणावा लागेल. समोरच्याला भूक लागली आहे का, असं त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. त्या फक्त तोंडाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "केवढं सुकलंय." मग ते तोंड कोणाचंही असो. विजेचं मीटर बघायला आलेला एक चांगला गुटगुटीत माणूस बाजरीची दीड भाकरी आणि ठेचा खाऊन, डोळे पुसत, मीटर न बघताच निघून गेला होता. आमच्या घरी पोटभर जेवून मी तिकडे गेलो आणि तसं सांगितलं, तर म्हणायच्या, "ते जेवण झालं. हे नुसतं चाखायचं हाय." चाखायला दोन भाकरी असायच्या.

पाहुण्यांना एसटीच्या फाट्यापर्यंत पोचवायला त्या स्वतः जायच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचा विषय त्यांना नेमका गाडी दिसल्यावर सुचायचा. ड्रायव्हर हॉर्न वाजवून म्हणायचा, "मावशी, झालं का बोलून?" त्या म्हणायच्या, "एवढं एक सांगते अन् सोडते." ते एक संपायच्या आत गाडी गेलेली असायची. त्यांचा सख्खा भाऊ मनमाडहून एका दिवसासाठी आला होता, तो असा तीनदा फाट्यावरून परत येऊन चौथ्या दिवशी, बहिणीला न सांगता, मागच्या दाराने गेला.

पण बागेत गेल्यावर याच बाई वेगळ्या व्हायच्या. आमचा द्राक्षांचा बाग होता आणि त्यात काम करणाऱ्या बायकांच्या टोळीच्या त्या पुढारी होत्या. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढून घड विरळ करायचे, हे किचकट काम. मावशी ते करताना मण्यांशी बोलायच्या. "तू ऱ्हा गं. तू दाटीची, तू ये खाली. राग नको मानू." माझे वडील, त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, कोणाचं सहसा चांगलं बोलायचे नाहीत. पण मावशींच्या नजरेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. सलग तीन वर्षं दोघांनी मिळून प्रत्येक वेल पाहिला. कोणाचा घड लांब येतो, कोणाचा मणी सारखा भरतो, कोण पावसात टिकतो. त्यातून चाळीसेक वेल निवडले आणि मावशींनी त्यांच्या खोडांना लाल चिंध्या बांधल्या. पुढच्या छाटणीला त्याच वेलांच्या काड्या घेऊन नाना नवा बाग लावणार होते. फळ उतरल्यावर आणि पाला छाटल्यावर सगळे वेल सारखेच दिसतात. ती चिंधी हीच काय ती ओळख.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि आमचा चिंध्यांचा चेंडू फाटला होता.

दुपारी बागेत कोणी नव्हतं. मी एका टोकापासून सुरुवात केली. गाठी घट्ट होत्या, दाताने सोडाव्या लागल्या. सगळ्या चिंध्या निघाल्या तेव्हा मला वाटलं, एवढ्यात दोन चेंडू होतील. एक झाला. उरलेल्या चिंध्या सदऱ्यात घालून मी दत्तूच्या घरी गेलो. तो नव्हता. मी चेंडू आणि चिंध्या त्याच्या दप्तरात कोंबल्या. लपवायचं म्हणून नव्हे, संध्याकाळी खेळायचं होतं म्हणून. त्या खुणेच्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. नानांनी मला दोनदा सांगितलं होतं.

संध्याकाळी नाना बागेतून आले ते ओरडतच. सगळी गल्ली गोळा झाली. मी आमच्या ओट्यावरच्या खांबाआड उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. तेवढ्यात मावशी गर्दीतून पुढे आल्या.

"नाना, मीच सोडल्या."

"वैनी, तुम्हीच बांधल्या अन् तुम्हीच सोडल्या?"

"गोधडीला कमी पडत होत्या. डोकं फिरलं माझं."

कोणीतरी हसलं. नाना हसले नाहीत. तीन वर्षं एका बाईच्या नजरेवर टाकलेला विश्वास त्यांनी चारचौघांत मागे घेतला. "उद्यापासून बागेत पाय ठेवू नका," एवढंच बोलले आणि आत गेले. मावशी पदर सावरून उभ्या होत्या. जाताना त्यांनी खांबाआड मला पाहिलं आणि म्हणाल्या, "तोंड केवढं सुकलंय रे. ये घरी, पिठलं केलंय." मी गेलो. जेवलोसुद्धा.

त्यानंतर सात वर्षं मावशी दुसऱ्या टोळीबरोबर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून, लांबच्या गावांच्या बागांत कामाला गेल्या. सकाळी ट्रॉली आमच्या दारावरून जायची. त्या मला हात करायच्या. पुढे दत्तूला अंबडला कारखान्यात नोकरी लागली आणि तो आईला घेऊन गेला. नाना वारले, त्यांना खरं कळलं नाही. मावशींना मात्र सगळं माहीत आहे, माझ्यासाठीच त्यांनी ते अंगावर घेतलं, अशी माझी खात्री होती, आणि त्यामुळेच त्यांच्यासमोर जायची हिंमत होत नव्हती. लग्नकार्यात भेट व्हायची, मी पाया पडायचो आणि गर्दीत सटकायचो.

यंदा मी स्वतः बागेत चांगले वेल निवडत होतो. हल्ली खुणेला प्लॅस्टिकची पट्टी वापरतात. पहिल्या खोडाला पट्टी बांधताना हात थांबला तो थांबलाच. पुढच्या रविवारी द्राक्षांची पेटी घेऊन अंबडला गेलो.

दत्तू बाजारात गेला होता. मावशी गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या आहेत. मला बघून उठायला लागल्या, मी त्यांना बसवलं आणि शेजारी खाली बसलो. इकडचं तिकडचं बोललो असतो तर पुन्हा राहून गेलं असतं, म्हणून एकदम सांगून टाकलं.

"मावशी, त्या बागेतल्या चिंध्या मी सोडल्या होत्या."

त्यांचा हात मेथीच्या काडीवर थांबला.

"म्हंजे दत्तूने नव्हत्या सोडल्या?"

मला काही कळेना.

"त्याच्या दप्तरात घावल्या मला," त्या म्हणाल्या. "म्हनलं, नानाला कळलं तर पोराचं कातडं काढील. म्हनून मी गेले पुढं. अन् तू जेवून गेल्यावर त्याला फुंकणीनं मारलं. लय मारलं रे. तो म्हने, देवाची आण, मी नाय. म्हनलं, चोरी ती चोरी अन् वर खोटी आण? म्हनून अजून दिल्या."

"मावशी, तुमचं काम गेलं माझ्यामुळं. नाना बोलले तुम्हाला. सात वर्षं तुम्ही..."

"कामाचं काय घेऊन बसला? कामं काय कमी होती?" त्यांनी मला हातानेच गप्प केलं. मला सोडून त्या दुसऱ्याच कुठल्यातरी दिवसात जाऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात दत्तू आला. पिशवी खाली ठेवून मला म्हणाला, "काय भो, आज वाट चुकला का?"

"दत्तू, इकडं ये. बस इथं," मावशी म्हणाल्या.

"आये, मटण फ्रीजमध्ये..."

"ऱ्हाऊ दे ते. बस." तो बसला. "त्या चिंध्या तू नव्हत्या सोडल्या रे."

दत्तूने माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली.

"कव्हाचं काय काढून बसले तुम्ही," तो म्हणाला.

"तुला ठाव होतं ना, यानं सोडल्या? मग कामून नाय बोलला?"

"बोललो असतो तर नानांनी याला सोलून काढलं असतं. तुझं काय, तू दमली की थांबायची."

तो हसला. मावशी हसल्या नाहीत. "चुकलं रे माझं," त्या म्हणाल्या. "तू आण घेत व्हता अन् मी मारत व्हते."

मावशींनी हात लांब करून दत्तूच्या पाठीवर ठेवला आणि सदऱ्यावरून हळूहळू फिरवायला लागल्या, जणू वळ अजून ताजे होते. अर्धं टक्कल पडलेला, पोट सुटलेला, दोन महिन्यांत सासरा होणारा दत्तू डोळे मिटून तसाच बसून राहिला.

मी माफी मागायला आलो होतो. ती तिथे दुसऱ्याच कोणाची तरी चालली होती, आणि मधे बोलायचा मला हक्क नव्हता. मावशींच्या पुढ्यात मेथीची अर्धी जुडी तशीच पडली होती. मी ती माझ्याकडे ओढून घेतली आणि पानं खुडायला लागलो.