कडू लागलेला पाला

लालबागेत साप कुठून येणार, असं म्हणणाऱ्यांनी संपानंतरच्या गिरण्या आतून बघितलेल्याच नाहीत. कापड विणायचे साचे गंजले, आवारात माणूसभर गवत माजलं, उंदरांचं तर राज्यच आलं. आणि उंदीर आले की त्यांच्या मागून तो पाहुणा येतोच. अशाच एका बंद गिरणीत लवू राखणदार होता. एकेकाळी तिथेच साचे चालवायचा. संपात नोकरी गेली, आणि आता रात्री त्याच खात्यात जमिनीवर सतरंजी टाकून पडायचा.

घर चालायचं ते त्याच्या बायकोच्या, शेवंतीच्या पगारावर. ती चिंचपोकळीच्या एका प्रसूतिगृहात नर्स. चाळीत कुणाला ताप येवो, कुणी जिन्यावरून पडो, आधी तिचंच दार वाजायचं. बाई तोंडाने फटकळ, पण हात हलका. अंगारे-धुपारे करणाऱ्यांना ती दारातूनच पिटाळायची.

त्या दिवशी सकाळी लवू घरी आला तो पोट धरूनच.

"झोपेत हाताक कायतरी टोचला गो," तो म्हणाला. "आता पोटात दुखता."

शेवंतीने त्याचा हात उजेडात धरून उलटासुलटा पाहिला. सूज नाही, रक्त नाही, दातांची खूणसुद्धा नाही. कणकवलीकडे माहेरी तिने फुरसं चावलेली माणसं पाहिली होती. त्यांचे पाय भोपळ्यासारखे सुजायचे. साप म्हटलं की तिला तेवढंच ठाऊक. नर्सिंगच्या पुस्तकात सापाचं एक पान होतं, ते कुणी धड शिकवलंच नव्हतं. तरी मनाची खात्री म्हणून तिने आई करायची तेच केलं. कडुलिंबाचा पाला आणवला आणि त्याला चावायला दिला. विष भिनलं असेल तर पाला कडू लागत नाही, असं गावाकडे सगळेच मानत.

लवूने तोंड वेडंवाकडं केलं. "कडू लागता गो, खूप."

शेवंतीचा जीव भांड्यात पडला. "मग काय नाय तुमका. गॅस झालो. गोळी घेवा नि गपचूप झोपा."

त्याच्या पापण्या जड झाल्या त्या रात्रीच्या अर्धवट झोपेने, असंच तिला वाटलं. दुपारी चहा घेऊन उठवायला गेली, तर चहा त्याच्या गालावरून ओघळला. डोळे उघडता येईनात, बोलणं नाकातून येत होतं. मग मात्र ती हबकली. टॅक्सी, इस्पितळ, सगळं शेजारच्या जयवंतने केलं. तिला काही सुचेना.

"मण्यार," डॉक्टर म्हणाले. "तिच्या दंशाला सूज नसते, खूणही दिसत नाही. पोट दुखतं, पापण्या पडतात, मग श्वास जातो. घरात नर्स असून सकाळीच का नाही आणलं?"

इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता. श्वासाचं मशीन एकही मोकळं नव्हतं, म्हणून त्याच्या घशात घातलेल्या नळीला जोडलेला रबरी फुगा शेवंतीच्याच हातात दिला. दाबायचा, सोडायचा.

"त्यांना सगळं ऐकू येतंय, बोला त्यांच्याशी," तिथली सिस्टर म्हणाली.

काय बोलणार, कपाळ? मीच तुम्हाला झोपवलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ती नुसती फुगा दाबत राहिली. दुसऱ्या दिवशी लवू गेला तरी ती दाबतच होती. शेवटी सिस्टरने तिची बोटं सोडवली.

पुढे चाळीत कुणाचं पोट दुखलं की शेवंती आधी त्याच्या पापण्या वर करून बघायची. पोरं हसायची, "मावशी, काल भजी जास्त झाली गो." ती चिडायची, तरी बघायचीच. गिरणी पाडली, गवत गेलं, तिथे टॉवर उभा राहिला. ती निवृत्त झाली, तोवर मण्यार चावलेलं एकही माणूस तिच्या दारात आलं नाही.